सुमनआत्यांनी चालून बघितलेली जागा

सुमनआत्यांना कुणी सांगितलेलं अंतर पटत नसे. स्वतः चालून बघायच्या. जोशीसाहेबांनी इथं जर्मनीत, कार्ल्सरूहेत घर घेतलं तेव्हा दलालानं सांगितलं होतं, स्टेशनपासून सात मिनिटं. वास्तुशांतीच्या जेवणाला आत्या स्टेशनावरून चालत आल्या आणि दारातच घड्याळ पुढं करून म्हणाल्या, "एकोणीस. सात मिनिटं कुणाची, दलालाची का घोड्याची?" जोशीसाहेब मोटारींच्या कंपनीत मोठे इंजिनिअर, पण त्या दिवशी श्रीखंड काही त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

आत्या मूळच्या साताऱ्याच्या. जर्मन माणसाशी लग्न करून चाळीसेक वर्षांपूर्वी इथं आल्या आणि जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढता काढता रिटायर झाल्या. नवरा वारला, मुलगी लांब हॅम्बुर्गला. फोनवर आत्या मराठीत बोलायच्या, मुलगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं झकास चालायचं. गावातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांच्या त्या आत्या.

माझं म्हणाल तर मी बार्शीचा. लोक म्हणतात मी सातवीत शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनं मला सोडलं, आणि नंतर कधी चौकशीही केली नाही. इथं हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आलो. हॉटेल बंद पडलं, त्यात माझ्या हाताचाही थोडा वाटा होता. आता एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आहे. जर्मन कानानं कळतं, डोळ्यानं कळत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नकला करतो. त्यात कष्ट काही नाहीत, मी नुसता स्टेजवर चढलो तरी लोक हसायला लागतात.

एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नव्हती. आमच्या घराजवळ, शाळेच्या समोरच, श्पीलहाल होती. श्पीलहाल म्हणजे जुगाराच्या मशिनींचं दुकान, रीतसर परवान्याचं. काचांना आतून कागद चिकटवलेला, बाहेर दुपार असली तरी आत दिवाळी. मी तिथं जायचो. बायकोला, मंदाला, सांगायचो की ओव्हरटाइम आहे. ओव्हरटाइम करून पगार कमी होणारा माणूस गावात मी एकटाच असेन.

मग बातमी आली की ते दुकान हलणार. शाळेच्या इतक्या जवळ असलं काही नको, असा नियम. ते कारखान्यांच्या बाजूला न्या, अशी लोकांची मागणी होती आणि त्यासाठी सह्या हव्या होत्या. जोशीसाहेबांनी कागद आणला. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. मनात म्हटलं, दुकान लांब गेलं की आपण सुटलो. सोडायची ताकद माझ्यात नव्हती, तेव्हा दुकानानंच मला सोडलं तर बरं. सह्यांचं काम मी अंगावर घेतलं. गणपतीचे दिवस होते, आरती झाली की तबकाच्या मागोमाग कागद फिरवायचा. आपल्या लोकांचं कसं आहे, आरतीनंतर समोर आलेला कागद वाचत नाहीत. वर्गणी असेल नाहीतर महाप्रसादाची यादी, असं म्हणून सही ठोकतात आणि प्रसादाला हात पुढं करतात. विसर्जनापर्यंत पाच पानं भरली. पहिली सही माझी.

आत्यांनी सही केली नाही. कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"नवी जागा कुठली, वाचलंस का रे?"

म्हटलं, लांब आहे आत्या, तिकडं कारखान्यांकडं.

"या, या," आत्या म्हणाल्या. हे इथलं हो-हो. "पण लांब म्हणजे कुणापासून लांब?"

दोन दिवसांनी दुपारी तीनला माझी पाळी सुटली, तर कँटीनच्या मागच्या फाटकाशी आत्या उभ्या. निळा रेनकोट, हातात मोजणीचं चाक, ढकलत नेलं की अंतर दाखवणारं. कचेरीतल्या लोकांनी रिटायर होताना दिलेलं. मला म्हणाल्या, तू रोजच्यासारखा चाल, मी मागनं येते. मी पुढं आणि ह्या मागं चाक फिरवत, वरातीत घोडा पुढं असतो तसा. ट्रामच्या थांब्याच्या अलीकडे गालिच्यांचं एक बंद पडलेलं दुकान आहे. तिथं थांबवलं.

"ही तुझी लांबची जागा. फाटकापासून तीन मिनिटं."

शाळेपासून लांब, जोशीसाहेबांपासून लांब, आणि माझ्या रोजच्या वाटेवर. उंदरानं दारोदार सह्या मागून पिंजरा आपल्याच बिळाच्या तोंडाशी आणून घेतला.

हसण्यावारी न्यायला गेलो. म्हटलं, आत्या, मला काय त्याचं? आत्या चाकाची माती काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझी बस शाळेसमोरच्या त्या दुकानापाशी थांबते. दोन वर्षं बघतेय तुला."

दोन वर्षं! त्या दोन वर्षांत दर शनिवारी आम्हा दोघांना पिठलं-भाकरी घातली होती, आणि मंदापाशी अवाक्षर नाही. विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, "तुझं तू सांगायचं. मी फक्त मोजते."

पुढच्या आठवड्यात त्या जागेबद्दल नगरपालिकेनं सभा ठेवली. मंडळी हजर. मंदा माझ्या शेजारी, सह्या गोळा केल्या म्हणून नवऱ्याचं कौतुक ऐकायला आलेली. नगरपालिकेच्या साहेबानं नकाशा दाखवला, शाळा इथं, बालवाडी तिथं, सगळं नियमात. आत्या उठल्या. मुलांना त्या दुकानात घेतच नाहीत, तर मुलांपासून मोजून काय मिळणार, म्हणाल्या. आत जातात ती दमलेली मोठी माणसं. त्यांची पाळी जिथं सुटते त्या फाटकापासून मोजा. साहेब सभ्य होता. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, कारखान्यातल्या एकाही माणसाची तक्रार नाही.

आत्या खाली बसल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी जागचा हललो नसतो.

मी उभा राहिलो. आमची मंडळी आधीच हसायला लागली, नक्कल होणार म्हणून. माझं जर्मन म्हणजे अर्धी वाक्यं घरी विसरून आलेलं. त्यातच म्हणालो, "मी जातो त्या दुकानात. रोज. ह्या सह्या मीच आणल्या, न वाचता. तिथं नका आणू. मी तीन मिनिटांत पोचेन."

मागं कोणीतरी हसलं. मग तेही थांबलं. जोशीसाहेब खाली बघायला लागले. तेवढ्यात मंदानं माझ्या शर्टाचं टोक ओढलं.

"अहो, बसा आता."

घरी आल्यावर तीन दिवस ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, ते छापण्यासारखं नाही. पण बोलली.

जागा काही बदलली नाही. नियमात शाळा होती, फाटक नव्हतं. मला वाटलं आत्या चिडतील. त्या म्हणाल्या, "मोजलेलं खोटं होत नाही. त्यांनी धरलं नाही, एवढंच." दुकान उघडलं त्याच आठवड्यात मला दंडाला धरून आत घेऊन गेल्या. काउंटरवरच्या बाईकडं एक अर्ज मागितला. तो भरला की देशातल्या असल्या कुठल्याही दुकानात आपल्याला घेत नाहीत, नाव कॉम्प्युटरमध्ये चढतं. आत्यांनी तिथंच उभ्या उभ्या ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. मागं मशिनी किणकिणत होत्या, माझे कान तिकडं. पेन हातात देऊन म्हणाल्या, "ह्या खेपेला ऐकून सही कर."

केली. आयुष्यात मी समजून केलेली ही पहिली सही, लग्नाची धरूनसुद्धा.

गेल्या फेब्रुवारीत आत्या गेल्या, झोपेतच. मंडळाच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. मला बोलायला सांगितलं तर मी नको म्हटलं. मी तोंड उघडलं की लोक हसतात. दुसऱ्या दिवशी तीनला पाळी सुटली आणि पाय आपोआप त्या दारात शिरले. काउंटरवर तीच बाई. माझं ओळखीचं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडं नीट बघून विचारलं, तुमच्याबरोबर त्या निळ्या रेनकोटातल्या बाई होत्या ना, त्या कशा आहेत? सांगितलं. तिनं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

घरी जाऊन मंदाला म्हटलं, आज गेलो होतो.

ती कणीक मळत होती. हात थांबले.

"घेतलं का आत?"

"नाही."

"मग चहा टाकते," म्हणाली.