चामडं भाईर!

मस्तगडच्या कचरूचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला, पण पंक्चर काढून काढून हात मात्र पैलवानाला लाजवतील असे झाले होते. १९९४ साली त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं: आपल्यासारख्यांना गोळा करायचं आणि तालमीत व्यायाम करायचा.

पायाला आधार देणाऱ्या त्याच्या लोखंडी कॅलिपरकडे बघून वस्ताद भुजंगरावांनी त्याला दारातच अडवलं. "तुझ्या कॅलिपरच्या बुटाला चामडं हाये. मारुतीसमोर चामडं चालत न्हाई. नियम म्हंजे नियम!"

वस्तादांना वाटलं, मिटली कटकट. कसली मिटतेय! कचरूनं पट्टे सोडले, कॅलिपर उंबऱ्याबाहेर ठेवला, हातांवर सरकत आत गेला आणि मारुतीला नमस्कार करून पन्नास जोर मारले. वस्ताद चडफडले, "बरं, महिनाभर बघतो. पन गल्लीत बोभाटा झाला, की बंद. बिलकुल बंद!"

पाच जण जमले; चामडं लावलेल्या कुबड्या-कॅलिपर उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत सरकायचे. आंधळा रामकिसन तर आढ्याला डोकं आपटेपर्यंत दोर चढायचा. तरी बोभाटा नाही. उलट पोरंठोरं कचरूला 'पैलवान' म्हणायला लागली. आजवर लंगड्याशिवाय दुसरी हाक त्यानं ऐकली नव्हती. त्याला रात्री झोप येईना, इतका आनंद.

आणि नेमकं महिन्याच्या शेवटच्या दिवशी म्हातारी झुंबरबाई तालमीवरून चालली होती. दाराशी कुबड्या-कॅलिपरचा ढीग बघून तिला वाटलं, सरकारी शिबिर आलं, फुकट वाटप चाललंय! एक कुबडी काखेत घालून तिनं गल्लीभर हाळी दिली, "जल्दी या गं, संपून राह्यल्या!"

घटकेत ही रांग लागली. वस्ताद काठी टेकत, लालबुंद होऊन बाहेर आले.

"भुजंगा, तुझे बी गुडघे गेलेत की," झुंबरबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "दोन वर्सं झाली, कुस्तीच्या हौद्यात उतरला न्हाईस. मंग घे की एक!"

गल्ली खदाखदा हसली. आत कचरूनं ऐकलं: झालाच बोभाटा. संपलं सगळं! उद्यापासून पुन्हा लंगडा.

वस्ताद काठी टेकतच आत वळले. हौद्याच्या मातीत कण्हत कण्हत कचरूशेजारी बसले. "पायाचा आधार न घेता जोर कसे मारून राह्यले रे तुमी?" ते हळूच म्हणाले. "मला बी दाखव. बराबर दाखव."

कचरूचे डोळे भरून आले. पण नियम म्हणजे नियम.

"दाखवतो वस्ताद. पन तुमच्या काठीच्या मुठीला चामडं हाये. आधी भाईर ठिवा."