ओटरथ्वेट अंकलचं गाव

उद्याच्या प्रवासासाठी रव्याचे लाडू करायला घेतले. तुपात रवा खमंग भाजला गेला आणि मी एकदम सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले. शेजारचे ओटरथ्वेट अंकल आणायचे त्या सुजी केकला असाच वास असे.

ते वृद्ध, एकटे आणि इंग्लंडहून बोटीने आलेल्या आजोबांच्या घराण्यातले शेवटचे. माझ्या नवऱ्याने, शिरीषने, पहिल्याच भेटीत त्यांना आपला मराठी प्रश्न विचारला होता, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

"गाव कसलं, लाह! शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या आजोबांनी हे आडनाव बोटीवर बसून रचलं. मलाही तसंच वाटतं," नेहमीचं सिंगापुरी 'लाह' जोडत ते म्हणाले.

शिरीषला ते सहन होईना. कितीतरी रविवार तो लॅपटॉपवर इंग्लंडचे जुने नकाशे धुंडाळत राहिला आणि एका दुपारी ओरडला, "अंकल, सापडलं!" उत्तरेकडच्या एका ओढ्याकाठी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ओटरथ्वेट. थ्वेट म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन.

अंकल उभेच राहिले. "म्हणजे आम्ही खोटे नव्हतो," ते म्हणाले. मग हसून विचारलं, "आणि तुम्ही चिंचवलकर? तुमचं चिंचवली पाहिलंत?"

"जाऊ कधीतरी," शिरीष म्हणाला.

तेव्हा मी नकाशाकडे पाहत होते. आज मला शिरीषचा उजळलेला चेहराच तेवढा दिसतो. त्याला जाऊन वर्ष होत आलं. उद्या मी चिंचवलीला निघाले आहे. तिथे कुणीतरी विचारेलच, "मूळच्या कुठल्या?"

मला सांगायचं आहे, "इथलीच."