पाखरं हाकलण्याचा अभ्यास

अमरावतीची गाडी अकोटच्या स्टॅन्डवर लागली, तेव्हा बाबांनी माझी पेटी वर चढवली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला बजावलं, की पोरगी अकरावीला चालली आहे, एकटी चालली आहे, तिला स्टॅन्डवरच उतरवा, मधात कुठं नाही. मी लाजेनं अर्धी झाले. आईनं खिडकीतून माझा हात धरला. "तिथं हळू बोलजो बाई," ती म्हणाली, "शयरातल्या लोकाईले आपलं बोलणं भांडल्यावानी वाटते."

हळू बोलायचं! ते मला येतच नव्हतं. माझं सगळं शिक्षणच ओरडून झालं होतं.

हिवरखेडला आमच्या शेतात दीड एकर ज्वारी असायची. आम्हाला खायला दाणे आणि बैलांना कडबा. कणसं भरली की पाखरांची धाड पडायची, आणि नेमकी तेव्हाच सहामाही परीक्षा. पाखरं सकाळी नि संध्याकाळी खातात, दुपारी आराम करतात. शाळा अकरा ते पाच. दोघांचंही वेळापत्रक जणू माझ्यासाठीच बसवलेलं. घरात मी एकटंच लेकरू, त्यामुळे पाळी लावायला कोणी नव्हतं; शाळेआधी नि शाळेनंतर मचानावर चढून पाखरं हाकलायचं काम माझंच.

बाबा शेताच्या दुसऱ्या टोकाला कपाशीत असायचे. त्यांचा नियम एकच: मचानावरचा आवाज बंद झाला की पोरगी झोपली असं धरायचं. नुसतं हाऽ हुर्र किती वेळ करणार? मग मी पुस्तकच ओरडून वाचायला लागले. इतिहासानं पाखरं भराभर उडत, भूगोलाला मुळीच भीक घालत नसत. शेजारच्या शेतातल्या गोदाकाकू निंदता निंदता ऐकायच्या. धडा अर्धा टाकून मी शाळेत पळाले, की दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, विचारायच्या, कालची लढाई कोणं जिंकली ते सांग. दहावीला मी शाळेत पहिली आले ती त्या मचानामुळं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

अमरावतीच्या होस्टेलात संध्याकाळी 'सायलेंट स्टडी' असायचा. पहिल्याच दिवशी मी फिजिक्सचं पुस्तक उघडलं आणि सवयीनं खड्या आवाजात सुरू केलं. मुली हसल्या, वॉर्डन मॅडम रागावल्या. तेव्हापासून तोंड मिटून वाचायला लागले आणि डोक्यात काडीचंही उतरेना. सहामाहीत दोन विषयांत नापास झाले. मनाशी ठरवून टाकलं, दिवाळीला घरी गेले की परत यायचं नाही. कारणही तयार होतं. बाबांना एकट्यानं ज्वारी राखणं होत नसेल, माझी तिथं गरज आहे.

उतरले ती बॅग घेऊन सरळ शेतात गेले. ज्वारीच्या जागी सोयाबीन निघालेलं, त्याच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग पडलेला, आणि बाबा हरभऱ्यासाठी रान साफ करत होते. मी अमरावतीला निघाले तेव्हा पाऊस लांबला होता, पेरण्या व्हायच्या होत्या. नंतर फोनवर मी मेसच्या भाजीचं रडगाणं गायले, पण ज्वारीचं विचारायचं सुचलंच नाही.

नापास झाल्याचं मी सांगितलं. परत जात नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, "ज्वारी काहून नाही पेरली?"

बाबा खाली वाकून काडीकचरा वेचत राहिले. "पेरली असती त तुले वापस यायले बहाणा भेटला असता."

मला इतका राग आला! पोरीवाचून अडू नये म्हणून माणूस पीकच बदलतो? बैलांना कडबा आता विकत आणावा लागणार होता. भाकरीशिवाय आईला जेवल्यासारखं वाटत नाही, तिनं पेरणीनंतर कितीतरी दिवस बाबांशी अबोला धरला होता, हे मला मागाहून कळलं. मी धुऱ्यावर बसून पोटभर रडले. पण बहाणा संपला तो संपलाच. दिवाळी करून परत गेले, ओरडून वाचल्याशिवाय डोक्यात उतरत नाही हे वॉर्डन मॅडमना सांगितलं, आणि त्यांनी गच्चीची किल्ली दिली. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून मी दोन वर्षं केमिस्ट्री ओरडले.

आता पुण्यात आयटीत आहे. कॉलवर मी बोलले की टीम लीड चॅटमध्ये 'थोडं सॉफ्ट' असं लिहितो. गाव सोडून आलेल्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ज्वारीची भाकरी 'हेल्दी' म्हणून मिळते. तिकडं आई-बाबा रेशनच्या गव्हाची पोळी खातात. पहिल्या घासालाच मला स्वतःचा राग येतो.

म्हणून यंदा बाबांना फोन केला. म्हटलं, आता मला घरून काम करता येतं, एकरभर तरी ज्वारी पेरा, सकाळ-संध्याकाळ राखायला मी येते.

"दिवाळीले ये," ते म्हणाले. "पाहुण्यावानी ये. कामाले नोको येऊ."

फोन ठेवला आणि मी रडले. मला पाहुणी व्हायचं नाही. माझं घर म्हणजे ती दोन माणसं. माझ्यावाचून भागवायला त्यांनी शिकून घेतलं. त्यांच्यावाचून भागवायचं कसं, ते मात्र मला कोणीच शिकवलं नाही.