मागच्या बाकांचा प्याला

आईनं हात पुढं केला आणि चर्चच्या पंचांनी प्याला मागं घेतला. भर प्रभुभोजनात. साऱ्या मंडळीनं ज्यातून द्राक्षरसाचा एकेक घोट घ्यायचा, तो प्याला.

"तुमचा प्याला मांगून येते, बाई," पंच म्हणाले.

आई देऊळघाटहून पायी आली होती. मिशनच्या दवाखान्यात मी नर्स झाले, म्हणून बुलढाण्याच्या चर्चमध्ये प्रथमच पुढच्या बाकावर बसली होती. तिनं हात पदराखाली घेतला. मान खाली घातली. ते मला जास्त लागलं.

मिशनचे गोरे साहेब मायदेशी गेले होते. मंडळी आता आपल्या हाती आली, असं सगळे म्हणत. आपल्या म्हणजे कुणाच्या? पुढं वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेली घरं. मागं आम्ही, महारवाड्यातून आलेले. कारभार हाती आला आणि एका प्याल्याचे दोन झाले.

गावात मामा बौद्ध झाला होता. तो म्हणाला, "तुमी देव बदलला, अन् जात सोबत घेऊन गेले."

मी चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्याकडं गेले.

"धीर धर, बेटा. मंडळी फुटंल. हळूहळू बदलते सारं."

"काऊन हळूहळू? माही माय म्हातारी झाली."

पुढच्या प्रभुभोजनाला आईला पुन्हा पहिल्याच बाकावर बसवलं. पंच तिला वगळून पुढं गेले. मी उठले. मेजावरचा आमचा, मागच्या बाकांचा प्याला उचलला आणि पंचांच्या हातातल्या प्याल्यात ओतला. सगळा.

"आता निवडून दाखवा," म्हटलं, "कोणता कोणाचा."

"हिले बाहीर काढा!" पंच ओरडले. कुणी हललं नाही. आई प्यायली. पुढच्या बाकांवरची तीन घरं उठून गेली.

मग चर्चनं ज्याला त्याला वेगळ्या, काचेच्या छोट्या पेल्या आणल्या. म्हणे नवा जमाना, आरोग्य. जंतू मलाही कळतात. याच पंचांच्या पायाची चिघळलेली जखम मी रोज धुतली होती. तेव्हा माझे हात चालले.

पेलीला मी हात लावला नाही. चर्चही सोडलं नाही. मी जावं, हेच तर त्यांना हवं होतं.

पंचांची निवड आली. मी माझं नाव द्यायला गेले.

"बाईचं नाव आजवर आलं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"आज आलं. लिहा. नाही लिहिलं, तर रविवारी भर उपासनेत उभी राहून मीच वाचीन."