हिरावहिनींची न दिसणारी शिवण

ज्या व्यक्तीचा तिच्या हयातीत मी मनापासून हेवा केला, तिच्याविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, याची खात्री नाही. वाचकांनी आणि तिच्या घरच्यांनी क्षमा करावी. महिन्यापूर्वी हिरावहिनींच्या सुनेचा दवाखान्यातून फोन आला, "बाई, आई गेल्या," तेव्हा माझ्या मांडीवर एका स्वेटरच्या दोन बाजू जोडायच्या राहिल्या होत्या. पहिला विचार आला तो असा, की आता आमच्या टेमघरात माझ्याहून चांगले जोडणारे कोणी उरले नाही... दुःख त्यानंतर आले.

वहिनी शेजारच्या. शिक्षण चौथीपर्यंत, घरामागच्या पॉवरलूमवर तुटलेले धागे सांधता सांधता बोटे तयार झालेली. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर, मुलगी दिल्लीच्या थंडीत राहायला गेली म्हणून, सुया हाती घेतल्या. दुपारी वीज गेली की लूमचा खडखडाट थांबे आणि आम्ही त्यांच्या ओट्यावर विणत बसू. विणणे मला लवकर जमले. विणलेले भाग जोडणे जमेना. कडेच्या टाक्याआतला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा उचलायचा, एवढेच तर होते. वहिनी बोलता बोलता वीतभर जोडत, मग धागा ओढत, आणि सांधा बोटालाही लागत नसे. माझ्या सांध्यावर उघड्या टाक्यांची शिडी उभी राही.

"बाई, पोरांना छडी मारायचीस तशी सुई मारतेस," त्या म्हणत. त्या सगळ्यांनाच एकेरी बोलत. "हलू वड. लय वडलास तर चुन्या पडतान, कमी वडलास तर दात दाखवतंय."

"तुम्हाला हे कोणी शिकवले?"

"शिकवनार कोन? हात करतान, मी बघतंय."

हे उत्तर मला कित्येक दिवस सलत राहिले. जे समजावून सांगता येते ते शिकता येते, या विश्वासावर मी नोकरी केली होती. एकदा नमुना उतरवण्याच्या निमित्ताने त्यांचा स्वेटर घरी आणला आणि उजव्या बाजूने, चष्मा लावून, दुपारभर त्याची शिवण शोधली. सापडली नाही.

पुढे नातवाचा स्वेटर मी स्वतः जोडला. इस्त्री करून देते म्हणून वहिनींनी तो ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बांधूनच परत दिला. मी तो न उघडता तसाच धामणकर नाक्यावर कुरियरला टाकला. मुलीचा फोन आला, "आई, जोडलंय कुठे तेच कळत नाही." मी म्हणाले, "जमायला लागलंय आता."

संध्याकाळी वहिनींना विचारले, "तुम्ही उसवून पुन्हा जोडलात का?"

"मी कशाला? निसती इस्तरी फिरवली," त्या म्हणाल्या. हातातल्या विणकामावरून नजर मात्र उचलली नाही. त्यानंतर मी ओट्यावर जाणे कमी केले. का, ते त्यांनीही विचारले नाही.

नातवाला आता तो स्वेटर होत नाही. गेल्या आठवड्यात मुलीने तो परत पाठवला. वहिनी कधी गाठ मारत नसत, धाग्याचे टोक आतल्या टाक्यांत जिरवत. मी भीतीपोटी नेहमी गाठ मारते. म्हणजे स्वेटर फक्त उलटा करायचा आहे. गाठ निघाली, तर एका खरे बोलणाऱ्या बाईवर मी इतकी वर्षे उगाच संशय घेतला. न निघाली, तर माझ्या एकमेव चांगल्या शिवणीतही हात त्यांचेच... स्वेटर कपाटात, सुलट घडी घालून ठेवला आहे.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तो उलटून पाहिला असता का?