खिशातले हरभरे

व्यायामाबद्दल मी काही लिहावं, हे मला पाहिलेल्या माणसांना पटणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. मी पैलवान नाही आणि लेखक तर नाहीच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. लिहिणं हे शिकलेल्या लोकांचं काम, ही धास्ती मी घरूनच घेऊन आलो होतो. ती डिग्री मिळाल्यावरही गेली नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. झालं तेवढंच सांगतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी पिंपरीकडच्या एका कारखान्यानं मला निवडलं. फक्त मेडिकल राहिली होती. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, छातीला टेप लावली आणि म्हणाले, "फुगवा." मी फुगवली. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "फुगवलीत का?" मग कागदावर 'तात्पुरते अनफिट' असं लिहिलं. वजन वाढवा, तीन महिन्यांनी परत या.

खोलीतल्या मित्राला तोवर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. तो म्हणाला, "आमच्याकडे वजन कोण विचारतंय? खुर्चीत मावलास की झालं." मी हसलो, पण त्या रात्री मला झोप आली नाही. ही नोकरी गेली तर दुसरी कंपनी कधी येईल, येईल तरी का, हे मला सांगू शकेल असं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं.

वऱ्हाडात आमच्या गावी फोन होता तो वाण्याच्या दुकानात. मी एसटीडी बूथवरून लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. ती धापा टाकत आली.

"गेली का नोकरी?"

"गेली नाही, अडली."

"मंग मारुतीले नवस बोलतो मी. पक्की होयेपर्यंत शनवार धरू. तू बी धर."

मी हो म्हणालो. वजन वाढवायचं म्हणून उपास, यात काही चुकतंय असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. काम अडलं की आमच्याकडे उपासच धरतात.

कर्वेनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका इमारतीच्या तळमजल्यावर जिम होती. दोन दिवस मी नुसताच समोरून गेलो. तिसऱ्या दिवशी आत शिरलो आणि तिथंच थबकलो, कारण चारी भिंतींना आरसे होते आणि प्रत्येकात मी होतो.

जिमचे मालक पन्नाशीचे होते. सगळे त्यांना दादा म्हणत. ही सगळी जमीन पूर्वी त्यांच्या घरची. बिल्डरनं इमारत उभी केली तेव्हा हा गाळा त्यांच्या वाट्याला आला. बेंचकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हितं आमचा हरभरा असायचा. कंबरेएवढा." मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय करता?"

"इंजिनिअरिंग."

"बरं, इंजिनिअर. चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, आन् मग हिकडं या."

त्यांनी मला बेंचवर आडवं केलं आणि रॉड हातात दिला. त्याला वजनाची प्लेट एकही नव्हती. तो मी छातीपर्यंत आणला आणि वर ढकलताना माझा डावा हात खालीच राहिला. रॉड तिरका झाला तसा दादांनी तो एका हातानं धरला.

"प्लेटा हायत तिथं बऱ्या हायत," ते म्हणाले. "आठवडाभर नुसता रॉड."

दुसऱ्या दिवशी सकाळी भांग पाडायला हात डोक्यापर्यंत गेला नाही. घरमालकीण काकू मला जिन्यावरून एकेक पायरी तिरकं होऊन उतरताना पाहत होत्या. "काय हो, पडलात की कुणी पाडलं?" त्यांनी विचारलं. मी व्यायाम सुरू केलाय म्हणालो. "अस्सं. मग चोरांना आता भीतीच," असं म्हणून त्या आत गेल्या.

मला खरी भीती वेगळीच होती. एवढा घाम गेला तर असलेलं वजनही उतरेल, असं वाटायचं. जिमच्या कोपऱ्यात एक काटा होता. सगळे गेल्यावर मी त्यावर चढायचो. सुई जिथं होती तिथंच असायची, आणि शनिवारनंतर थोडी मागेच.

शनिवारी दादा मारुतीच्या फोटोपुढे भिजवलेले हरभरे ठेवत आणि येणाऱ्या प्रत्येकाला प्रसाद म्हणून मूठभर देत. उपासाला हरभरे चालत नाहीत आणि प्रसादाला नाही म्हणवत नाही. मी ते हातात घ्यायचो आणि वळून पँटच्या खिशात टाकायचो. खोलीवर नेऊन रविवारी खायचो.

अशाच एका शनिवारी दादांनी रॉड खांद्यावर देऊन बैठका मारायला लावल्या. तिसऱ्या की चौथ्या बैठकीला समोरच्या आरशातला मी धूसर झालो. मागून दादांनी रॉड उचलून घेतला तेवढं कळलं. मी जमिनीवर बसलो होतो आणि खिशातले हरभरे मॅटवर घरंगळत चालले होते.

"दादा," एकजण ओरडला, "ह्यानं हितं शेती चालू केली!"

"पूर्वी होतीच," दादा म्हणाले. मग माझ्याजवळ खाली बसले. "प्रसाद खात नाय तू?"

मी सगळं सांगितलं. मेडिकल, आई, नवस. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे वजन वाढावं म्हणून तू उपास धरलास."

"हो."

"आन् ज्याचा धरलास, तो दर शनिवारी तुला खायला देतोय, ते तू खिशात घालतोस."

कोणी हसलं नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो. दादा हरभरे एकेक करून वेचत होते. "नवस आईचा हाय. मोड म्हणायचा मला हक्क नाय. आईला विचार. तोवर रॉडला हात लावायचा नाय."

मी तसाच बूथवर गेलो. दोनदा फोन लावून ठेवून दिला. नवस मोडला आणि नोकरी गेली तर आई जन्मभर काही बोलणार नाही, आणि मला ते तिच्या तोंडावर रोज दिसेल, एवढंच डोक्यात होतं. शेवटी बोललो. 

"पडला होता का तू?" आईनं विचारलं.

"नाही. नुसता बसलो."

"तू जेव. तुह्या वाटचा उपास मी धरतो."

"पण शनिवार एकच असतो," मी म्हणालो. "दोघांचा कसा धरशील?"

"मंगळवारबी मारुतीचाच हाय. तो धरतो. तू नको डोकं लावू."

त्या दिवशी मी खाणावळीत जेवलो. प्रत्येक घास गिळताना घरचा चुलीसमोरचा तिचा रिकामा पाट दिसत होता. पुढच्या शनिवारी दादांनी हात पुढे केला तेव्हा मी हरभरे त्यांच्यासमोर उभा राहून खाल्ले. त्यांनी रॉडला दोन्हीकडे सर्वांत लहान प्लेट लावली. भूक वाढली. काट्याची सुई सरकली, पण मी तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. मंगळवारी मात्र माझं जेवणावर लक्ष लागत नसे.

दुसऱ्या मेडिकलला तेच डॉक्टर होते. त्यांनी वजन पाहिलं, टेप लावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि "कळवू" म्हणाले. मी काकूंच्या घरचा नंबर देऊन आलो. मग कारखान्याकडून काही कळेचना. जिम एक दिवसही चुकवायची छाती होत नव्हती. कळायच्या आत वजन उतरलं आणि परत बोलावलं तर?

फोन आला तो मंगळवारीच, संध्याकाळी. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अहो, कारखान्यातून कोणीतरी बोलतंय. आणि लवकर आटपा, मला बहिणीचा फोन यायचाय."

मी धावत उतरलो. पलीकडच्या माणसानं माझं नाव विचारून घेतलं. मेडिकल फिट आहे, म्हणाला, सोमवारी हजर व्हा.

"म्हणजे पक्की?" मी विचारलं.

"हो, पक्की म्हणजे काय? या सोमवारी."

"नाही, तसं नाही," मी म्हणालो. "गावी आईला सांगायचंय. तुम्ही एकदा म्हणा ना."

तो मग म्हणाला, "पक्की."