धाग्याचा ताण सापडेना

आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि मी पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी काढून सोलापूरला आले. आई उठून बसेपर्यंत, एवढंच ठरलं होतं. वर्ष उलटलं तरी मी तिच्या पलंगाशेजारी बसून चिनी यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजीत करत होते. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत तेवढी दिसायची. भावाला बायको-मुलं होती. मला, सगळ्यांच्या मते, फक्त लॅपटॉप होता.

एक दिवस माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, ओळखीच्या टॉवेल कारखानदाराचा फोन आला. चीनहून आणलेला माग सारखा धागा तोडत होता, कंपनीचा माणूस येईना आणि पुस्तिका अख्खी चिनी. "आमची पोरगी वाचती की!" अण्णांनी मला न विचारताच सांगून टाकलं.

मालकांनी मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. पलीकडे बंद मागाभोवती कामगार तेलुगूत बोलत होते आणि माझ्याकडे बघत होते. पुस्तिका संगणकावर होती, जाडजूड. 'ताण'साठीचा चिनी शब्द टाइप करून मी शोधला. सापडला नाही. मागाच्या पुस्तिकेत ताण नाही? पुन्हा टाइप केला. नाहीच. पानं सरकवली, तर शब्द डोळ्यांसमोर, ठळक अक्षरांत.

"मॅडम, येतंय ना तुमाला चिनी?" मालकांनी हळू आवाजात विचारलं.

कान तापले. उठून जावं म्हटलं, तर दाराशीच फोरमन उभा. घरी आईला औषध द्यायची वेळ होत आली होती.

शेवटी पानावरचाच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत टाकला. लगेच ढीगभर जागा सापडल्या! मी टाइप केलेला आणि पानावरचा, दोन्ही शब्द शेजारी ठेवले. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. मग त्यांतल्या प्रत्येक अक्षराचा संगणकातला क्रमांक काढला आणि घोळ कळला.

चिनी शब्दकोशात अक्षरं त्यांच्यातल्या मुख्य तुकड्याप्रमाणे लावलेली असतात. त्या तुकड्याला रॅडिकल म्हणतात. 'ताण' या शब्दातलं दुसरं अक्षर म्हणजे 'बळ'. ते नेहमीचं अक्षरही आहे आणि रॅडिकलही. म्हणून संगणकात त्याला दोन क्रमांक आहेत, एकाच माणसाची दोन आधारकार्डं असावीत तसे. पुस्तिका तयार होताना अशा अक्षरांना नेहमीच्या क्रमांकाऐवजी रॅडिकलचा क्रमांक लागला होता. नुसता हा एक शब्द नाही. माणूस, हात, लाकूड, पाणी, सगळ्यांचं तेच.

मी सगळा मजकूर वेगळा काढला आणि रॅडिकलच्या जागी नेहमीची अक्षरं बसवणारी एक छोटी आज्ञा चालवली. आता काहीही टाइप केलं तरी सापडत होतं. बारीक सुतासाठी ताण किती ठेवायचा आणि तो मोजणारा भाग शून्यावर कसा आणायचा, ते वाचून मी फोरमनला सांगितलं. माग सुरू झाला. धागा तुटला नाही. मालकांनी चहा मागवला आणि मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

घरी पोचले तेव्हा मालकांचा फोन येऊन गेला होता. अण्णा खुशीत होते. "रोज ये म्हणत्यात. बाकीच्या यंत्रांचं पण काम हाय. आता पुण्याचं काय अडलंय? हितंच हाय की सगळं."

मी आईला औषध पाजत होते. झटक्यानंतर तिचं बोलणं माझ्याशिवाय कुणालाच नीट कळत नसे. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "जा. तू पुण्याला जा."

"काय म्हणती?" अण्णांनी विचारलं.

"पाणी मागतीय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात जायला लागले. अजून जाते.